मूळपुरुषानं मोडलेली सोयरीक

मी माझ्या पुतणीचं जमलेलं लग्न नळीभर थुंकीनं मोडलं. थुंकी माझीच होती. मोडलं तेही भर बैठकीत, सुपारी फुटायच्या जरा आधी, आणि मोडताना मी हसत होतो.

आता हे घडलं कसं ते सांगतो.

बुलढाण्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवायचो. मी निवृत्त झालो, शिकवायची खोड झाली नाही. दूध घालायला आलेल्या माणसाला मी म्हशीच्या जठराचे कप्पे समजावून सांगतो. तो बिचारा मान हलवत माप उपडं करतो आणि पायऱ्या उतरतो. बायको म्हणते, "तुमाले फळा लागत नाई, खडू लागत नाई. पळून जाता न येणारा माणूस भेटला का झालं."

आमचं मूळ घर धाडला. धाकटा भाऊ तिथं शेती पाहतो. त्याची मुलगी बुलढाण्याला बँकेत लागली तेव्हापासून आमच्याकडंच राहते आणि मला मोठेबाबा म्हणते. तिच्या बँकेत लोणारचा एक मुलगा येऊ लागला. विजेच्या खात्यात नोकरी, स्वभावानं गरीब, कपाळावर कायम घाम. हा मुलगा पासबुक छापून घ्यायला इतक्या वेळा यायचा की त्यात छापण्यासारखं काही उरायचंच नाही. पुतणी कोरं पान मशिनीत घालायची, कोरं बाहेर काढायची आणि त्याच्या हातात द्यायची. तो धन्यवाद म्हणायचा. असं बरेच महिने चाललं. मग एके दिवशी तिनंच घरी सांगून टाकलं, की करीन तर याच्याशीच.

मुलगा चांगला, घर चांगलं. वडिलांचं लोणारला वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान. भाऊ खूश, वहिनी खूश. राहिले फक्त थोरले काका.

थोरले काका म्हणजे आमच्या वडिलांचे भाऊ. धाडच्या आमच्या भाऊकीत वडीलधारे आता तेच एक. लग्न कुणाचंही असो, सुपारी त्यांच्या हातानं फुटते. माणूस वाईट नाही. पोरीच्या जन्माच्या वेळी भर उन्हात सायकल मारत बर्फी वाटणारे हेच. पण एका गोष्टीत ते कुणाचं ऐकत नाहीत, ती म्हणजे देवक. लग्नाआधी मांडवात ज्या झाडाची डहाळी पुजतात ते देवक. आमचं कळंब. ज्यांचं देवक एक ती घराणी एकाच मूळपुरुषाची, म्हणजे मुलगा-मुलगी भाऊ-बहीण. तिथं सोयरीक होत नाही.

काकांनी लोणारला मुलाच्या वडिलांना फोन लावून विचारलं, "पाहुणे, देवक कोणतं तुमचं?"

पाहुणे गडबडले. "आजोबांले ठाऊक होतं जी. आता कोणी कळंब म्हणते, कोणी पंचपल्लव म्हणते. माह्या लग्नात तं बाह्मणानं जे आणलं ते बसवलं."

काकांनी फोन ठेवला. "झालं. यायले देवकच ठाऊक नाई. अन् कळंब निघालं मंग?"

पुतणी दाराशी उभी होती. तिचा चेहरा पाहून मला राहवलं नाही. मी खाकरलो. मी खाकरलो की बायको डोळे मिटून घेते, तसे तिनं मिटले.

"काका, मूळपुरुष एक आहे का नाही, हे आता सांगता येतं," मी म्हणालो. "माणसाच्या पेशीत एक वाय गुणसूत्र असतं. ते बापाकडून मुलाला मिळतं, मुलाकडून त्याच्या मुलाला. आडनावासारखं. लोणारच्या पाहुण्यांची थुंकी आणि माझी थुंकी तपासायला पाठवू. वेगळं निघालं की संपला प्रश्न."

काकांनी मला नीट न्याहाळलं. "थुंकीत देवक निघते, मास्तर?"

"सगळं निघतं."

"मंग पाठव. तू शिकला-सवरलेला आहे. तू म्हणशीन ते मान्य."

या शेवटच्या वाक्यानं माझी छाती फुगली. तीच पुढं नडली.

नळ्या कुरिअरनं आल्या. एखादी सांडली-लवंडली तर असावी म्हणून मी एक जास्तीची मागवली होती. या सगळ्या प्रकरणात मी केलेलं शहाणपणाचं काम एवढंच, आणि तेही चुकून. माझी नळी घरी भरली. मग लोणारची एसटी पकडली.

पाहुण्यांना थुंकी येईना. भला माणूस. होणाऱ्या व्याह्यासमोर थुंकायचं कसं, या संकोचानं तोंड पार कोरडं पडलेलं. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही ही अट, त्यामुळं चहाही देता येईना. शेवटी मला युक्ती सुचली. मी शेजारच्या किराणा दुकानातून चिंच आणली आणि त्यांच्या दुकानाच्या काउंटरवर बशीत ठेवली. "खायची नाही. फक्त पाहायची."

पाहुणे चिंचेकडं पाहू लागले. त्यांना धीर यावा म्हणून मीही पाहू लागलो. दोन पिकल्या केसांची माणसं बशीकडं एकटक बघत बसलेली, एकाच्या ओठाला नळी. तेवढ्यात एक बाई भूमितीची वही मागायला आल्या. दोघांकडं पाहिलं, बशीकडं पाहिलं, आणि हळू आवाजात विचारलं, "कोणी गेलं का जी?"

पाहुण्यांना हसू फुटलं. त्या हसण्यात नळी भरली. जाताना त्यांनी मला दारापर्यंत सोडलं आणि हात धरून म्हणाले, "सर, पोरगं माह्यं बोलत नाई, पण जेवत नाई आजकाल. तेवढं पहा."

"काळजीच करू नका," मी म्हणालो.

मला खात्री होती. वेगळी आडनावं, वेगळी गावं, मधे अख्खा मेहकर तालुका. वेगळंच निघणार.

पुढं सुपारीचा दिवस धरला. धाडला भावाच्या घरी बैठक घातली. लोणारहून दोन गाड्या भरून पाहुणे आले. तपासणीचा निकाल मोबाईलवर यायचा होता. तो नेमका बैठकीतच आला, म्हणून मला वाटलं वरचाही आपल्याच बाजूला आहे. मोबाईल टणटणला. सगळे थांबले. मी चष्मा चढवला. माझा निकाल उघडला, कुळाच्या जागी एकच अक्षर: आर. लोणारच्या पाहुण्यांचा उघडला: आर.

आता ऐका, शिकवायची खोड माणसाला कुठं नेते ते. एवढी वर्षं मी हा धडा फळ्यावर शिकवला, पण स्वतःच्या अंगात कधी पाहिला नव्हता. दोन अनोळखी माणसांच्या थुंकीतून एकच अक्षर निघालेलं पाहून माझ्यातला मास्तर उड्या मारू लागला. बैठक कशासाठी बसली आहे, तेच मी विसरलो. मी उठून उभा राहिलो आणि आनंदानं ओरडलो, "एकच! दोघांचा मूळपुरुष एकच!"

मी हसत सगळीकडं पाहत होतो. टाळ्यांची वाट पाहत असेन बहुधा.

काकांनी समोरच्या ताटातली सुपारी उचलली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. "झालं तं मंग," ते शांतपणे म्हणाले. "भाऊबंद निघालो. आलेच आहात तं जेवून जा, पाहुणे."

पाहुणे जेवले. इतक्या गुपचूप वरण-भात जेवणारी माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत.

बुलढाण्याला परत येताना जीपमध्ये पुतणी माझ्या शेजारी बसली होती. नांद्राकोळी गाव आलं तशी ती माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "मोठेबाबा, ते वाय पोरींमधी असते का?"

"नाही. मुलींना नसतं."

"म्हणजे माह्याकडे ते नाईच. माह्यं लग्न माह्या थुंकीनं नाई मोडलं. तुमच्या थुंकीनं मोडलं."

मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "त्याईले आता एक-दोन दिवस पाणीसुद्धा देऊ नको. थुंकीच बनली नाई पायजे."

घरी येऊन मी निकाल पुन्हा उघडला आणि या वेळी खालीपर्यंत वाचला. खाली नकाशा होता. मी वरच्या अक्षरावरच नाचलो होतो. खरी गोष्ट खाली होती. तो 'आर' नावाचा मूळपुरुष बहुधा आशियाच्या मध्यावर नाहीतर उत्तरेकडं कुठंतरी होऊन गेला. 'बहुधा' हा शब्द शास्त्रज्ञांचा. नेमकं कुठं, यावर त्यांच्यात अजून भांडण चालू आहे, आमच्या भाऊकीत बांधावरून चालतं तसंच. तो माणूस होता तेव्हा शेती नव्हती, गाव नव्हतं, आडनाव तर नव्हतंच. त्याची पोरं शिकारीमागं चालत सुटली. त्यांच्या पोरांची पोरं काही पश्चिमेला गेली, युरोपच्या पार टोकापर्यंत. काही डोंगरांच्या खिंडी उतरून सिंधूकडं आली, आणि तिथून पिढ्यान् पिढ्या सरकत सरकत खाली, आमच्या या पठारापर्यंत. आज सैबेरियापासून श्रीलंकेपर्यंत त्याची लेकरं आहेत. एकच कुळ म्हणून यांच्यात लग्न बंद करायचं ठरवलं तर आशियाभरचे लाखो मांडव उठवावे लागतील.

आणि शास्त्रज्ञ ही कुळं ओळखतात कशावरून? तर चुकांवरून. बापाकडून मुलाकडं वायची नक्कल होते, त्यात क्वचित कुठंतरी एखादी चूक राहते. ती चूक पुढच्या सगळ्यांकडं जाते. कुठली चूक कुणाकडं आहे यावरून फांद्या पाडतात. हे वाचून मला थोडं बरं वाटलं. घराणं चुकांवर चालतं म्हटल्यावर मी त्याचा पक्का वारस होतो.

दुसऱ्याच दिवशी मी धाडला गेलो. काकांच्या ओट्यावर खडूनं आशिया काढला. मध्यावर एक गोल, तिथून बाण. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मधेच विचारलं, "हा बाबा लोणारचा खड्डा पडायच्या आधीचा का नंतरचा?"

त्या खड्ड्याच्या वयावर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, त्यामुळं मी घुटमळलो.

"पहाय," काका म्हणाले. "तेही ठाऊक नाई. मास्तर, त्या दिवशी चाळीस माणसांमधी तू उठून बोलला, का मूळपुरुष एक. मी कायी थुंकलो नोतो. आता तूच म्हणतं, एक आहे पण लई जुना आहे. जुना झाला म्हणून बाप बदलते का?"

मी आशिया पुसून परत आलो.

पुढचे दिवस वाईट गेले. मुलगा बँकेत यायचा थांबला. त्याच्या वडिलांचा फोन आला, बोलणं नेहमीसारखंच नम्र. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाले. दुसरीकडून एक स्थळ आलंय, त्यांना किती दिवस झुलवायचं, हेही म्हणाले. मी पुतणीला सांगितलं. ती पोळी लाटत राहिली. मग लाटणं थांबलं.

"मोठेबाबा, तुमची ती जास्तीची नळी कुठी आहे?"

"कपाटात. का?"

"काकूआजीच्या भावाची थुंकी घ्या."

मला कळायला वेळ लागला. बायकोला लागला नाही. तिनं हातातली भाजी खाली ठेवली आणि जोरात हसली. काकू म्हणजे काकांच्या पत्नी. आणि काकूंचा भाऊ म्हणजे काकांचा सख्खा मेहुणा. त्याचंही अक्षर आरच निघालं तर काकांच्या हिशेबानं काका इतकी वर्षं बहिणीशी संसार करत आले!

काकूंचे भाऊ धाडच्या बाजारात मिरचीचं दुकान लावतात. मी बाजाराच्या दिवशी नळी घेऊन पोचलो. त्यांना सगळं खरं खरं सांगितलं, कशासाठी हवी तेही. ते पोट धरून हसले. "जावईबापूले पेचात धराचं हाय? द्या इकडं, दोन नळ्या भरतो!"

"एकच पुरे. पण अर्धा तास तंबाखू नाही."

ते गंभीर झाले. "अर्धा तास?" त्यांनी गिऱ्हाइकांकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं. "पोरीसाठी करतो. दुसऱ्या कोणासाठी केलं नसतं."

तो अर्धा तास मी मिरचीच्या ढिगाऱ्याशेजारी बसून काढला. मी शिंकत होतो आणि ते माझ्या घड्याळाकडं बघत होते. त्यांनी नळी भरली, मिरचीच्या हातानंच झाकण लावलं आणि ती माझ्याकडं दिली. मी नळी खिशात घातली आणि त्याच बोटांनी डोळा चोळला. परतीच्या एसटीत एक आजीबाई मला समजावत होत्या, "रडू नको बापा, होईन समदं चांगलं."

निकालाला काही आठवडे लागणार होते. मला झोप येईना. मेहुण्यांचं अक्षर वेगळं निघालं असतं तर? आपल्याकडं दुसरीही पुष्कळ अक्षरं आहेत. काही तर आरच्याही आधीपासून इथं राहतायत. आयुष्यभर मुलांना पुरावा मागायला शिकवलेल्या माणसानं, खोटं कशाला बोलू, अक्षर एकच यावं म्हणून गणपतीला नारळ बोलला.

निकाल आला. या वेळी मी एकटाच कोपऱ्यात जाऊन उघडला. दोनदा खालीपर्यंत वाचला. मग पुतणीला हाक मारली. तिनं वाचलं आणि माझ्या टकलावर हात आपटला. माफी मिळाली असं मी समजलो.

आम्ही तिघं धाडला गेलो. काका आणि काकू ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी मोबाईल काकांपुढं धरला. "काका, हे माझं. तुम्ही माझे सख्खे काका, म्हणून हेच तुमचंही. आर. आणि हे तुमच्या मेहुण्याचं. आर."

काकांनी मोबाईल घेतला, लांब धरला, जवळ धरला. काकूंनी विचारलं, "काय म्हणते ते?"

पुतणी म्हणाली, "आजी, आजोबाच्या हिशेबानं तुम्ही अन् ते भाऊबंद आहे."

काकूंनी शेंग खाली ठेवली. पदर तोंडाला लावला. पदराआडून खांदे हलायला लागले. "अगं बाई! म्हणजे मी एवढे दिवस माहेरीच राहून राह्यली? तरीच म्हणलं, मले माहेरची आठवण काऊन येत नाई!"

बायको ओट्यावर बसून हसली, पुतणी उभ्यानं हसली. काकांनी पाय झाडून पाहिला, टोपी काढून पाहिली, पण मिशी ऐकेना. शेवटी तेही हसले, आणि हसता हसता डोळे पुसत म्हणाले, "आता माह्या लग्नाची सुपारी कोण परत घेईन?"

"मी नाई देत," काकू म्हणाल्या. "मी ती खाल्ली केव्हाचीच."

काकांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. तीच सुपारी निघाली. त्या बैठकीपासून ती तिथंच होती. सदरा धुवायला टाकताना ते रोज ती काढून दुसऱ्या सदऱ्यात घालत होते, हे काकूंनी मला नंतर सांगितलं. ती पुतणीच्या हातावर ठेवत ते म्हणाले, "माह्यं मन तं तवाच होतं, पोरी. पण चारचौघात हा मास्तर बोलला ना, मंग मी काय करू? लोणारले सांग, पंचपल्लव बसवा म्हणा. पाच झाडाईचे पानं. कोणाचं काय चुकत नाई मंग."

लग्न लोणारला झालं, दिवाळीनंतर. नवरदेव मांडवात तसाच घामाघूम, पण जेवला मात्र दोघांचं. पुतणीनं अंगठीच्या आधी त्याच्या हातात पासबुक दिलं. त्यानं उघडून पाहिलं, कोरंच होतं, आणि तो लाजून असा लाल झाला की फोटोवाल्याला थांबावं लागलं. काकूंचे भाऊ धाडहून मिरच्यांचं पोतं घेऊन आले होते, आहेर म्हणून. ते प्रत्येकाला सांगत सुटले की हे लग्न माझ्या अर्ध्या तासाच्या उपवासावर उभं आहे.

आणि मी? माझी खोड गेली असती तर नवल. पंगत बसली, बुंदी वाढली, आणि मी लोणारच्या पाहुण्यांच्या शेजारी बसून मोठ्यानं समजावू लागलो, की ही अख्खी पंगत बहुधा एकाच बाबाची लेकरं, तो तिकडं आशियाच्या पोटात होऊन गेला, त्याची पोरं कुठं कुठं चालत गेली, सैबेरिया, पामीर, सिंधू, गोदावरी. शेजारची माणसं कौतुकानं ऐकत होती. व्याही तर जेवायचे थांबले होते. मी बुंदीच्या कळ्यांनी पत्रावळीवर नकाशा मांडला.

बायको वाढायला आली. हातात कढीचं पातेलं. तिनं नकाशा पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एवढ्या आशियाभर त्या बाबाचे पोरं पसरले, अन् माह्या बापाले नेमका हाच कसा सापडला?"

आणि सैबेरियावर कढी वाढली.